क्ष-किरण नलिकेच्या आत काय घडते?



यंदाच्या जमाखर्चात यंत्रदुरुस्तीच्या शीर्षाखाली नेहमीपेक्षा बरीच मोठी रक्कम दिसेल. ती क्ष-किरण यंत्राच्या नव्या नलिकेची आहे. अहवालाचा मसुदा पाहून एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारले, "यंत्र जुनेच आहे, चालूही आहे, मग नलिका तेवढी का बदलली? आणि एका काचेच्या नळीला एवढे पैसे?" प्रश्न रास्त होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; पदार्थविज्ञानाशी माझा संबंध शाळेतच संपला होता. तरीही ज्या खर्चावर आपण सही करतो तो आपल्याला समजला पाहिजे, या भावनेने आमच्या तंत्रज्ञांकडून आणि क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टरांकडून हा विषय समजून घेतला. जे समजले ते आपल्यापुढे मांडतो. नलिका का बदलावी लागली याचे उत्तर लेखाच्या शेवटी येईल. पण ते उमजण्यासाठी आधी नलिकेच्या आत डोकावणे आवश्यक आहे.

नावातील 'क्ष'

शाळेतील बीजगणितात अज्ञात संख्येला आपण 'क्ष' मानत असू. या किरणांचे नावही त्याच रीतीने पडले. जर्मनीतील व्यूर्ट्सबुर्ग येथील प्राध्यापक विल्हेल्म राँटजेन हे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी अंधाऱ्या खोलीत, हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून वीज सोडून प्रयोग करीत होते. नळी काळ्या कागदाने पूर्ण झाकलेली होती, तरीही काही अंतरावरील एक रासायनिक लेप दिलेला पडदा चमकू लागला. नळीतून काहीतरी बाहेर पडत होते आणि ते कागद भेदून जात होते. ते काय हे ठाऊक नसल्याने त्यांनी त्याला अज्ञाताचे नाव दिले. त्याच वर्षी २२ डिसेंबर रोजी त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. त्यात बोटांची हाडे आणि बोटातील अंगठी स्पष्ट दिसते.

१९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक राँटजेन यांना मिळाले. या शोधाचे एकस्व त्यांनी घेतले नाही आणि पारितोषिकाची रक्कम आपल्या विद्यापीठाला दिली. धर्मादाय संस्थेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना ही गोष्ट विशेष जवळची वाटते. ज्या विद्येवर आज प्रत्येक रुग्णालय उभे आहे, ती विद्या तिच्या जनकाने सर्वांसाठी मोकळी ठेवली होती.

नलिकेची रचना

आजची नलिका राँटजेन यांच्या नळीपेक्षा बरीच वेगळी आहे. तिचे मूळ रूप अमेरिकेतील विल्यम कूलिज यांनी १९१३ साली सिद्ध केले. विजेच्या दिव्यासाठी टंगस्टन या ठिसूळ धातूची तार ओढण्याची युक्ती त्यांनीच शोधली होती. तीच तार त्यांनी क्ष-किरण नलिकेत वापरली.

नलिका म्हणजे काचेचे किंवा धातूचे हवाबंद पात्र. त्यातील हवा जवळजवळ पूर्णपणे काढून घेतलेली असते. एका टोकाला ऋणाग्र म्हणजे कॅथोड, दुसऱ्या टोकाला धनाग्र म्हणजे ॲनोड. ऋणाग्रापाशी टंगस्टनच्या बारीक तारेचे वेटोळे असते, त्याला फिलामेंट म्हणतात. जुन्या विजेच्या दिव्यात असे तसेच. धनाग्र ही टंगस्टनचा थर दिलेली, कडेला उतार असलेली जाड चकती असते. हे सर्व पात्र तेलात बुडवून शिशाचे अस्तर असलेल्या धातूच्या आवरणात बसविलेले असते. रुग्णाला वर दिसतो तो केवळ हा बाहेरचा डबा. किरण बाहेर पडण्यासाठी त्याला एकच खिडकी ठेवलेली असते.

इलेक्ट्रॉनांची धाव

फिलामेंटमधून वीज वाहू लागली की ते २००० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. इतक्या तापलेल्या तारेतून इलेक्ट्रॉन नावाचे विजेचे सूक्ष्म कण सुटून तिच्याभोवती जमू लागतात; उकळत्या पाण्यावर वाफ जमावी तसे. मात्र एवढ्याने क्ष-किरण निर्माण होत नाहीत. त्या क्षणी नलिकेत जमलेली असते ती केवळ इलेक्ट्रॉनांची गर्दी.

आता दोन टोकांत प्रचंड विद्युतदाब लावला जातो. आपल्या घरात २३० व्होल्ट दाबाची वीज येते. नलिकेला साधारणपणे ४० हजार ते दीड लाख व्होल्ट दाब द्यावा लागतो. धनाग्राच्या ओढीने इलेक्ट्रॉन झेपावतात. एक लाख व्होल्ट दाबाखाली त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक होतो, आणि तोही अवघ्या एक-दोन सेंटिमीटरच्या अंतरात. वाटेत हवा असती तर इलेक्ट्रॉन तिच्या कणांवर आदळून अडखळले असते. म्हणून आतील निर्वात जागा अत्यावश्यक असते. ती बिघडली की नलिका निकामी झाली असे समजावे.

किरण निर्माण होण्याचे दोन मार्ग

धावत आलेला इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या अणूंत घुसतो, तेव्हा क्ष-किरण दोन प्रकारे जन्म घेतात.

पहिला प्रकार गतिरोधाचा. अणूच्या केंद्राजवळून जाताना केंद्राच्या आकर्षणाने इलेक्ट्रॉनची वाट वाकते आणि वेग मंदावतो. जो वेग गेला त्याची ऊर्जा कुठेतरी जमा झालीच पाहिजे. ती क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. माझ्या पेशाच्या भाषेत सांगायचे तर प्रत्येक इलेक्ट्रॉन खिशात शंभर रुपये घेऊन बाजारात शिरतो. कोणी एका दुकानात दोन रुपये खर्चतो, कोणी पन्नास, तर एखादा विरळा साराच शंभराचा खर्च एका ठिकाणी करतो. शंभरावर मात्र कोणीच खर्चू शकत नाही. म्हणूनच या किरणांत कमी-अधिक ऊर्जेचे सर्व प्रकार मिसळलेले असतात आणि त्यांची कमाल मर्यादा लावलेल्या विद्युतदाबाने ठरते. आपल्या यंत्रातून निघणारे बहुतांश किरण या प्रकारचे असतात.

दुसरा प्रकार जागा भरण्याचा. टंगस्टनच्या अणूत केंद्राभोवती ७४ इलेक्ट्रॉन निरनिराळ्या कक्षांत बसलेले असतात. बाहेरून आलेल्या इलेक्ट्रॉनने सर्वांत आतल्या कक्षेतील एखाद्याला धक्का देऊन हाकलले, तर ती रिकामी जागा बाहेरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन खाली उतरून भरतो. उतरताना दोन कक्षांतील ऊर्जेचा फरक तो क्ष-किरणाच्या रूपाने देतो. हा फरक प्रत्येक धातूसाठी ठरलेला असतो. त्यामुळे हे किरण त्या धातूची जणू सहीच ठरतात. टंगस्टनमधील सर्वांत आतला इलेक्ट्रॉन हाकलण्यासाठी सुमारे ६९.५ किलोव्होल्ट दाबाची आवश्यकता असते. म्हणून ५५ किलोव्होल्टवर हाताचे छायाचित्र घेताना आतल्या कक्षेचे हे किरण निघतच नाहीत. छातीच्या छायाचित्रासाठी दाब त्याहून पुष्कळ वाढविला की ते मिसळतात.

शंभरातील नव्व्याण्णव

आता हिशेबाचा मुद्दा. नलिकेत ओतलेल्या ऊर्जेपैकी किती ऊर्जेचे किरण होतात? उत्तर ऐकून मला धक्का बसला होता: शंभरात सुमारे एक भाग. उरलेले नव्व्याण्णव भाग निव्वळ उष्णता होऊन धनाग्रात साठतात. बहुतेक इलेक्ट्रॉन बाजारात चिल्लर उधळीत जातात. त्या चिल्लरीचीच ही उष्णता. कोणत्याही व्यवसायात असा ताळेबंद मांडला तर लेखापरीक्षक सही करणार नाही. परंतु निसर्गाचा नियमच तसा आहे, आणि नलिकेची सारी रचना या नव्व्याण्णव भागांची विल्हेवाट लावण्यासाठी केलेली आहे.

एक उदाहरण पाहू. ८० किलोव्होल्ट दाब आणि ५०० मिलिअँपिअर प्रवाह यांचा गुणाकार ४० किलोवॅट होतो. घरातील एक इस्त्री साधारण एक किलोवॅटची असते. म्हणजे ४० इस्त्र्यांची उष्णता, तीही काही मिलिमीटर लांबीच्या अरुंद पट्टीवर! ही जागा वाढविताही येत नाही. किरणांचा उगम जितका बारीक, तितके हाडाच्या चिरेचे चित्र रेखीव. उगम मोठा केला तर सावली पसरट पडते आणि केसासारखी बारीक चीर हरवते.

यावर तीन उपाय योजलेले आहेत. पहिला, धातूची निवड. टंगस्टन सुमारे ३४०० अंश सेल्सिअसला वितळतो. एवढी उष्णता सोसणारा दुसरा धातू नाही. शिवाय त्याचा अणुक्रमांक मोठा असल्याने किरणही अधिक मिळतात. दुसरा उपाय, उतार. चकतीची कड तिरपी ठेवल्याने प्रत्यक्षात लांबट असलेली पट्टी रुग्णाच्या बाजूने पाहता ठिपक्याएवढी दिसते. तिसरा उपाय, फिरणे. चकती मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्या घेते, काही नलिकांत त्याच्या तिप्पट. त्यामुळे मारा एकाच बिंदूवर न होता पूर्ण वर्तुळावर विभागला जातो. खोलीत छायाचित्राच्या आधी जी घूं अशी घरघर ऐकू येते ती याच चकतीची. तंत्रज्ञ कळ दोन टप्प्यांत दाबतात: पहिल्या टप्प्यात चकती वेग घेते व फिलामेंट पुरेसे तापते, दुसऱ्या टप्प्यात किरण निघतात. "श्वास रोखून धरा" ही सूचना त्याच सुमारास येते.

या फिरत्या चकतीच्या बेअरिंगला तेल घालता येत नाही, कारण तेलाची वाफ निर्वात जागा बिघडवील. तेथे चांदीसारख्या मऊ धातूचा पातळ लेप द्यावा लागतो. आत हवा नसल्याने वारा घालूनही चकती थंड करता येत नाही. तापलेल्या तव्याची धग लांबून जाणवते, त्याच प्रकारे ती आपली उष्णता बाहेरच्या तेलाकडे टाकते, आणि त्याला वेळ लागतो. दोन छायाचित्रांच्या मध्ये तंत्रज्ञ कधी कधी थांबतात, त्यामागे हेही कारण असते. किमतीच्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी येथेच मिळते: ती केवळ काचेची नळी नव्हे, तर तापलेल्या, फिरत्या, निर्वात अवस्थेत बिनचूक चालणारे एक यंत्रच आहे.

दाब, प्रवाह आणि गाळणी

नियंत्रणकक्षात तंत्रज्ञ मुख्यतः तीन गोष्टी ठरवितात. किलोव्होल्टने किरणांची भेदक शक्ती ठरते, मिलिअँपिअरने त्यांची संख्या, आणि सेकंदाच्या अंशांनी कालावधी. कृश वृद्धा आणि धिप्पाड पैलवान यांना एकच माप लागू होत नाही. हाडातील कॅल्शियम किरण अधिक शोषतो, म्हणून हाड पांढरे दिसते. फुप्फुसांत हवा असल्याने ती काळी दिसतात. पूर्वी हे चित्र फिल्मवर उमटे, आता आपल्याकडे ते संगणकाच्या पडद्यावर येते; पण नलिकेतील क्रिया तीच आहे.

खिडकीपाशी ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा असतो. अगदी क्षीण किरण शरीराच्या पार जाऊच शकत नाहीत; ते त्वचेतच मुरतात. त्यांचा चित्राला उपयोग नाही, रुग्णाला मात्र उगाच मात्रा पोहोचते. हा पत्रा त्यांना आधीच अडवतो. पीठ चाळून कोंडा वेगळा करावा, तसाच हा प्रकार.

नातेवाइकांच्या शंका

प्रतीक्षाकक्षात एक शंका वारंवार ऐकू येते: "छायाचित्र झाल्यावर किरण खोलीत किंवा अंगात राहतात का?" राहत नाहीत. वर सांगितल्याप्रमाणे किरण निघतात ते इलेक्ट्रॉन धडकत असतील तेवढाच वेळ. विद्युतदाब बंद होताच इलेक्ट्रॉन थांबतात आणि किरणही थांबतात. दिवा मालवल्यावर खोलीत प्रकाश साठून राहत नाही, तसेच हे. नलिकेत कोणताही किरणोत्सारी पदार्थ नसतो आणि रुग्णाचे शरीरही किरणोत्सारी होत नाही. तान्ह्या बाळाचे छायाचित्र काढल्यावर आईने त्याला तत्काळ जवळ घ्यावे.

दुसरी शंका अपायाची. छातीच्या एका छायाचित्राची मात्रा, माती, अवकाश आणि अन्न यांतून आपल्याला काही दिवसांत निसर्गतःच मिळणाऱ्या मात्रेएवढी असते. ती अल्प आहे, पण शून्य नाही. म्हणूनच डॉक्टरांनी गरज सांगितल्याशिवाय छायाचित्र काढू नये, आणि डॉक्टरांनी सांगितले असता भीतीने टाळूही नये. गर्भवती भगिनींनी, किंवा तशी शक्यता असल्यास, आधीच सांगावे. मुलाला धरण्यासाठी आत थांबावे लागल्यास शिशाचा ॲप्रन मागून घ्यावा. तो देणे आमचे कर्तव्य आहे. तंत्रज्ञ दिवसभर, वर्षानुवर्षे हेच काम करतात, म्हणून ते आडोशामागे जातात आणि मात्रा मोजणारा बिल्ला लावतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय असे यंत्र चालविता येत नाही.

एक चूक आणि तिचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येतो. येथे मला स्वतःविषयी चार शब्द लिहिणे भाग आहे.

विजेचे देयक वाढत चालल्याने मागे मी सर्व विभागांसाठी काटकसरीचे परिपत्रक काढले. विभागांची पाहणी करताना दिसले की, क्ष-किरण विभागात सकाळी रुग्ण येण्याआधीच यंत्र चालवून दोन-तीन वेळा रिकामेच किरण सोडतात. मी ते बंद करण्यास सांगितले. आमचे तंत्रज्ञ म्हणाले, "साहेब, नलिका तापवावी लागते." मी उत्तरलो, "पहिला रुग्ण आला की तापेलच ती." पुढे ते काही बोलले नाहीत, आणि मीही अधिक विचारले नाही.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी घरात पडलेल्या एका आजींना आणले. खुब्याचे छायाचित्र घ्यायचे होते; खुब्याला जास्त मात्रा लागते. कळ दाबताच आतून कडाड असा आवाज आला आणि यंत्र थांबले. तपासणीस आलेल्या अभियंत्यांनी सांगितले की धनाग्राच्या चकतीला तडा गेला आहे. टंगस्टन थंड असताना ठिसूळ असतो. गार चकतीवर एकदम पूर्ण भार पडला की तापलेला भाग प्रसरण पावतो, भोवतालचा थंडच राहतो, आणि त्या ताणाने ती तडकते. गार काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतल्यासारखेच हे. म्हणून सकाळी कमी भाराचे दोन-तीन झोत देऊन चकती सावकाश तापवायची असते. नलिका जुनी झालेली होती, त्यामुळे सारा दोष त्या एका आदेशाचा असे अभियंते म्हणाले नाहीत. पण आदेश चुकीचा होता, यात शंका नाही.

नंतर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ७० किलोव्होल्ट, १०० मिलिअँपिअर, एक सेकंद: म्हणजे ७ किलोज्यूल. असे तीन झोत म्हणजे २१ किलोज्यूल. विजेचे एक युनिट म्हणजे ३६०० किलोज्यूल. भागाकार केला तर एका युनिटमध्ये सुमारे १७० सकाळी होतात! फिलामेंट, चकतीची मोटर व नियंत्रक यांचा खर्च वेगळा धरला, तरी मी जे वाचवीत होतो ते वर्षाकाठी काही रुपयांपलीकडचे नव्हते. त्यापायी लाखोंची वस्तू पणाला लागली होती.

पैसा तर गेलाच, पण मनाला लागले ते वेगळेच. आजींना त्याच अवस्थेत स्ट्रेचरवरून जीपमध्ये चढवून तालुक्याच्या गावी न्यावे लागले. त्यांच्या मुलाने मला विचारले, "साहेब, दवाखाना उघडा आहे, डॉक्टर आहेत, मग आम्ही माघारी का जायचं?" त्याला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजींच्या खुब्याचे हाड मोडलेले निघाले. शस्त्रक्रिया होऊन त्या पुढे काठीच्या आधाराने चालू लागल्या, ही समाधानाची गोष्ट. नवी नलिका बसेपर्यंतच्या दिवसांत इतरही अनेकांना असेच माघारी जावे लागले. त्या सर्वांची मी येथे क्षमा मागतो.

समारोप

ते परिपत्रक मागे घेतले आहे. सकाळी नलिका तापविल्याची नोंद आता रोज वहीत होते, आणि महिनाअखेरीस ती वही मी स्वतः पाहतो. यंत्राविषयी कोणताही आदेश देण्यापूर्वी ते यंत्र हाताळणाऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यायचे, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. तसेच नलिका ही कधी ना कधी झिजणारच. फिलामेंट विरळ होत जाते, उडालेला टंगस्टन काचेवर आतून बसतो, बेअरिंग घासते. म्हणून तिच्यासाठी दरवर्षी ठरावीक रक्कम राखीव निधीत बाजूला काढण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. नवे यंत्र देणाऱ्या दात्याचे नाव फलकावर झळकते. जुने यंत्र चालू ठेवणाऱ्या देणगीला फलक लाभत नाही. पण पडलेल्या आजींना त्याच दारात दिलासा मिळतो तो या दुसऱ्या देणगीमुळे, हे दात्यांनी कृपया ध्यानी घ्यावे.

रुग्णांना व नातेवाइकांना एवढीच विनंती, की छायाचित्राच्या वेळी तंत्रज्ञ सांगतील तसे निश्चल राहावे. हालचालीने चित्र बिघडले की ते पुन्हा घ्यावे लागते. रुग्णाला दुसऱ्यांदा मात्रा मिळते आणि नलिकेवर दुसऱ्यांदा भार पडतो. तो एक निश्चल क्षण आपल्याकडून मिळणारे मोलाचे सहकार्यच होय.



– प्रशासकीय अधिकारी